टच बेस, रेन चेक आणि तीन स्ट्राइक

प्रश्न: ताई, माझ्या टीममधले निम्मे लोक अमेरिकेतले आहेत. इंग्रजी लिहिता वाचताना माझं काही अडत नाही, पण मीटिंगमध्ये हे लोक मधेच असं काही बोलतात की शब्द सगळे कळतात आणि अर्थ डोक्यावरून जातो. मॅनेजर म्हणाली बॉलपार्क फिगर दे, मग म्हणाली शुक्रवारी टच बेस करू, आणि एका सहकाऱ्याला संध्याकाळी ऑनलाइन गप्पांना बोलावलं तर तो म्हणे रेन चेक घेतो. हे सगळं बेसबॉलमधलं आहे असं नंतर कळलं. मी तो खेळ कधी पाहिलेलाही नाही. आता हे पाठ करू का, आणि मीही असं बोलायला लागू का?
– एक वाचक

उत्तर: पाठ अजिबात करू नका, कारण यादी संपणारच नाही. त्यापेक्षा खेळातल्या तीनचार गोष्टी डोळ्यासमोर आणा, निम्मे अर्थ आपोआप लागतील. मैदानात चार बेस असतात, एकमेकांपासून 90 फुटांवर, चौकोन टोकावर उभा केल्यासारखे. त्यातला एक होम प्लेट, 17 इंच रुंदीची रबराची पाटी, तिच्याशेजारी बॅटर उभा राहतो. समोर 60 फूट 6 इंचांवरून पिचर बॉल फेकतो आणि तो टप्पा न पडता थेट येतो. बॅटरनं बॉल मारायचा, मग पहिला, दुसरा, तिसरा असे बेस ओळीनं पार करत परत होम प्लेटला यायचं, की एक रन. बॉल थेट कुंपणापार गेला तर होम रन. तुमच्यापुरतं एवढं बास.

आता तुमची मॅनेजर. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं स्टेडियम, आणि बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ आकडा. पण ढोबळ म्हणजे अंदाजपंचे नव्हे हां, आकडा त्या मैदानाच्या आत तरी पडला पाहिजे. तिला दोन आठवडे की दोन महिने एवढं कळायला हवंय, तुम्ही एक्सेल उघडून तासभर हिशोब करत बसलात तर तिला तेही नको असतं. "साधारण तीन आठवडे, नक्की आकडा उद्या देते" असं उत्तर दिलंत की काम झालं.

टच बेस म्हणजे थोडक्यात बोलून घेणं, कुठवर आलंय ते एकमेकांना सांगणं. पूर्ण मीटिंग नाही, प्रेझेंटेशन तर नाहीच. खेळात बेसला पाय लावणं किती महत्त्वाचं असतं त्याचा एक किस्सा सांगते, मला फार आवडतो. 23 सप्टेंबर 1908, न्यूयॉर्कमध्ये जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, शेवटची इनिंग, 1-1 बरोबरी. जायंट्सच्या बॅटरनं बॉल मारला, तिसऱ्या बेसवरचा गडी धावत आला, रन झाला, मॅच जिंकली म्हणून प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवर होता फ्रेड मर्कल, 19 वर्षांचा पोरगा, तो दुसऱ्या बेसकडे निघाला होता पण गर्दी बघून अर्ध्यातूनच वळला आणि ड्रेसिंग रूमकडे पळाला, तसं त्या काळी बरेच जण करायचे. कब्जच्या जॉनी एव्हर्सनं एक बॉल मिळवला, दुसऱ्या बेसला पाय लावला आणि अपील केलं. मर्कल त्या बेसला पोहोचलाच नव्हता, म्हणून तो आऊट, रन रद्द, मॅच बरोबरीत. पुढे सीझनच्या शेवटी दोन्ही टीम सारख्याच आल्या म्हणून 8 ऑक्टोबरला मॅच पुन्हा खेळवली, ती कब्जनं जिंकली आणि लीगचं विजेतेपदही नेलं. त्या पोराला हे आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं, मला आजही त्याचं वाईट वाटतं. हा वाक्प्रचार त्या मॅचमधून आला असं नाही, पण बेसला पाय लावल्याशिवाय पुढचं काहीच धरत नाहीत हे मात्र त्यातून पक्कं लक्षात राहतं.

रेन चेकचा हवामानाशी संबंध होता, आता राहिलेला नाही. पावसानं मॅच रद्द झाली तर त्याच तिकिटावर पुढच्या एखाद्या मॅचला येऊ द्यायचे, 19व्या शतकापासूनची पद्धत. अमेरिकेतल्या दुकानांतही सेलमधली वस्तू संपली तर रेन चेक देतात, म्हणजे माल आला की त्याच सवलतीच्या भावात घेऊन जा. माणसामाणसांत मात्र त्याचा अर्थ "आज नको, पुन्हा कधीतरी". कधी तो खरंच पुन्हा विचारणार असतो, कधी तो गोड शब्दांतला नकार असतो, दोन्ही शक्य आहे. तुम्ही "शुअर, एनीटाइम" म्हणा आणि पुढचं त्याच्यावर सोडा, लगेच दुसरी तारीख विचारू नका.

स्ट्राइक हा शब्द आपल्या लोकांना हमखास घोळात टाकतो. क्रिकेटमध्ये स्ट्राइकवर असणं म्हणजे बॅटिंगला समोर असणं. इथे उलटं, बॅटरनं बॅट फिरवली आणि बॉल लागला नाही, किंवा मारण्याजोगा बॉल नुसताच सोडला, तर त्याच्या नावावर एक स्ट्राइक, आणि तीन झाले की आऊट. म्हणून कोणी "आय स्ट्रक आऊट" म्हणालं तर त्याचं काम फसलंय, अभिनंदन करू नका. तीन स्ट्राइकचा हिशोब तर अमेरिकेत कायद्यातही गेला. कॅलिफोर्नियात 1994 साली असा कायदा आला की दोन गंभीर गुन्हे नावावर असताना तिसरा झाला तर 25 वर्षं ते जन्मठेप, आणि तिसरा गुन्हा किरकोळ असला तरी लोक अडकायला लागले तेव्हा 2012 मध्ये मतदारांनी तो सौम्य केला. त्यामुळे ऑफिसात कोणी "दॅट्स टू स्ट्राइक्स" म्हणालं तर ती ताकीद आहे, हसण्यावारी नेऊ नका.

आता तुम्ही बोलावं का. समजून सगळे घ्या, तोंडात दोनतीनच ठेवा. बॉलपार्क आणि टच बेस बिनधास्त वापरा, ब्रिटनमध्येही चालतात. बाकीचे मात्र ज्याला बेसबॉल माहीत नाही अशा माणसाशी बोलताना टाळलेलेच बरे, कॉलवर जपानी माणूस असेल तर तो समजेल कारण तिकडे हा खेळ जोरात आहे, पण जर्मन माणूस तुमच्यासारखाच गोंधळेल. लेखी कामात, करारात तर नकोच, तिथे "साधारण" म्हणायचं असेल तर तसंच लिहा. आणि एक सावधगिरी, "गेटिंग टू फर्स्ट बेस" जपून. कामाच्या बाबतीत ते सुरुवात तरी होणं असतं, पण मुलगामुलगी फिरायला गेल्याच्या गोष्टीत त्याचा अर्थ शारीरिक जवळिकीकडे जातो.

प्रश्न: कर्व्हबॉल म्हणजे आपली गुगलीच ना? मग गुगली म्हटलं तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: भाव तोच, अचानक अंगावर आलेली अडचण किंवा प्रश्न. फरक इतकाच की गुगली टप्पा पडल्यावर उलटी वळते आणि कर्व्हबॉल हवेतच वळून खाली बसतो, पिचर त्याला तशी फिरकीच देतो. अमेरिकन माणसाला गुगली कळणार नाही, त्याला कर्व्हबॉलच सांगा. "शी थ्रू मी अ कर्व्हबॉल" म्हणजे तिनं मला अनपेक्षित काहीतरी विचारलं. आणि स्क्रूबॉल हा त्याच घरातला शब्द माणसाला लावला तर अर्थ विक्षिप्त, चक्रम असा होतो, तेव्हा मुलाखतीत कर्व्हबॉल म्हणायच्या जागी चुकून तो नको.