रबाळे एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. माल पोचवायला स्वतःचा टेम्पो घेतला. विमा एजंट म्हणतो, थर्ड पार्टी पुरे. खरंच पुरे का?

नाही, पुरे नाही. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीपुरता, कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यात तुमच्या टेम्पोच्या दुरुस्तीला एक रुपयाही मिळत नाही. गाडी नवी आहे, स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी पॅकेज पॉलिसीच घ्या.

मी महाप्यात एका कारखान्याचं डिस्पॅच आणि गाड्यांचे कागद बघतो. पॅकेज घेतानाही एक गोष्ट एजंटला स्वतःहून विचारा: आयएमटी 23 हे जादा कलम आहे का? मालवाहू गाडीला हे कलम नसेल तर बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेट, टायर, रंग यांचे पैसे मिळत नाहीत. मिळतात ते गाडी पूर्णच गेली तर. आमच्या शेजारच्या गाळ्यातला टेम्पो रिव्हर्स घेताना गेटच्या खांबावर आदळला होता. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गॅरेजच्या एस्टिमेटवर पेन फिरवलं: बंपर कट, मडगार्ड कट, पेंटिंग कट. उरला फक्त फाळक्याचा पत्रा. जुन्या टॅरिफप्रमाणे (दरपत्रकाप्रमाणे) या कलमासाठी ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर 15 टक्के जादा पडतात. अरुंद गल्लीत दिवसभर मागे-पुढे होणाऱ्या गाडीला एवढे पैसे जरूर घाला.

दुसरं, तुम्ही फक्त स्वतःचा माल नेणार असाल तर तसं सांगून प्रायव्हेट कॅरिअर म्हणून कोटेशन मागा. छोट्या टेम्पोला त्यात थर्ड पार्टीचा दर कमी लागतो. मात्र मग परतीच्या फेरीत तळोज्याहून कुणाचा माल भाड्याने आणायचा नाही. पॉलिसीत वापर एक आणि गाडीत माल दुसऱ्याचा, हे क्लेमच्या वेळी मालाच्या चलनावरून लगेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिफ्ट सुटली की कामगारांना हौद्यात बसवून स्टेशनला सोडायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. कृपा करून हे करू नका. मालवाहू गाडीत असे फुकट बसवलेले प्रवासी विमा कंपनीच्या जबाबदारीत येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच आशा राणी खटल्यात सांगितलंय. ठाणे-बेलापूर रोडवर एक जोराचा ब्रेक लागला आणि कुणी खाली पडलं, तर त्या घराचं नुकसान कशानेच भरून निघत नाही, आणि भरपाईचा आकडा मालकाच्या डोक्यावर बसतो. माल चढवायला-उतरवायला सोबत जाणारे लोडर वेगळे. त्यांची संख्या पॉलिसीत लिहून घ्या, ड्रायव्हरचीही. आणि ते केबिनमध्येच बसले पाहिजेत.

ड्रायव्हरकडे साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स असेल तर 7,500 किलोपर्यंतच्या गाडीला ते चालतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे कायम केलं, त्यामुळे त्या कारणावरून कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

गाडीतला माल मोटर पॉलिसीत येत नाही. त्यासाठी ट्रान्झिट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. फॅब्रिकेशनचा जड माल असल्याने ती घ्याच, आणि वाटेतल्या अपघाताबरोबर चढवता-उतरवतानाचं नुकसान त्यात धरलंय का, ते सही करण्याआधी वाचा.