सोयादूध खिडकीत ठेवू नकोस

भावा, सोयादूध घरी करायलास ते बेस्टच, पण काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवतोस ते आधी बंद कर, आपल्या कोल्हापूरचं मार्चातलं ऊन तुला काय सांगायचं. दुधातलं व्हिटॅमिन बी-टू, म्हणजे रायबोफ्लेविन, उजेड शोषतंय आणि ती एनर्जी ऑक्सिजनला देतंय, मग तो चवताळलेला ऑक्सिजन सुटतोय दुधातल्या लिनोलेइक नावाच्या फॅटवर, त्यातनं हेक्सानलसारखी हिरवट वासाची द्रव्यं होतात, जेनिस्टीन-डेडझीन ही सोयाबीनमधली द्रव्यं पण कमी होतात आणि बी-टू स्वतःबी संपतंय. व्हिटॅमिन ई थोडं सांभाळतं, म्हणून कॅप्सूल फोडून ओतू नकोस हं मर्दा, जास्त झालं तर उलटंबी होतंय. सोयाबीन वाटतानाच वास आला तर मात्र तो एन्झाइमचा, त्याला उकळतं पाणी वापर. बाकी स्टीलचा डबा, झाकण, फ्रीज.