बफेलोमध्ये हिवाळ्यात ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पुरेशी असते का, की स्नो टायर घ्यावेच लागतात?

आपण लिहिले आहे की जानेवारीत नोकरीनिमित्त आपल्याला न्यूयॉर्क राज्यातील बफेलोला यायचे आहे, भर पावसाळ्यात वरंधा आणि ताम्हिणी घाटांतून गाडी चालवण्याची आपल्याला चांगली सवय आहे, आणि ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाके इंजिनने फिरणारी गाडी घेतली तर स्नो टायरचा, म्हणजे हिवाळी टायरचा खर्च वाचेल का, एवढेच आपल्याला जाणून घ्यायचे आहे. खर्च वाचणार नाही. चारही चाकांना हिवाळी टायर घ्यावेत. गाडी कोणतीही चालेल. मात्र अशी गाडी असली की बर्फाची काळजी नको, या ज्या समजुतीतून हा प्रश्न येतो, तिच्यावरून आमच्या घरात २०१४ पासून वाद आहे, त्यामुळे मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

आम्ही ॲमहर्स्टला, म्हणजे बफेलोच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. माझे धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. १७ नोव्हेंबर २०१४ रोजी, सोमवारी, ते आमच्याकडे मुक्कामाला होते आणि मंगळवारी सकाळी त्यांना कामासाठी क्लीव्हलंडला पोहोचायचे होते. साधारण तीन तासांचा, सरोवराच्या काठाकाठाने जाणारा आय-९० महामार्गाचा रस्ता आहे. रात्री जेवण करून नऊच्या सुमारास निघावे, असा त्यांचा बेत होता. गाडी नवी होती, ऑल व्हील ड्राइव्ह होती आणि चारी टायर कंपनीतून आलेले, बारमाही वापराचे होते. हवामान सेवेने शहराच्या दक्षिण भागासाठी जोरदार हिमवृष्टीचा इशारा आधीच दिलेला होता. मी मागचे दार उघडून पाहिले तेव्हा आमच्या डोक्यावर आकाश मोकळे होते आणि दक्षिणेकडे ढगांच्या पोटात विजा चमकत होत्या. बर्फाच्या ढगात वीज दिसली की खाली तासाला काही इंचांच्या वेगाने बर्फ साचत असण्याची शक्यता फार मोठी असते, हे येथे राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही.

मी त्यांना थांबायला सांगितले. “वहिनी, जर्सीत मी दर हिवाळ्यात गाडी चालवतो, बर्फ मला नवा नाही,” असे ते म्हणाले. मी म्हटले, “भाऊजी, तो बर्फ वेगळा आणि हा वेगळा.” त्यांना ते पटले नाही. त्यांनी आपल्या भावाकडे पाहून “वहिनी उगाच घाबरतात” असा शेरा मारला. माझे यजमान संकोचाने काही बोलेनात. तेव्हा मी गाडीची किल्ली उचलून देवघराच्या फडताळात ठेवली आणि सकाळपर्यंत ती मिळणार नाही, असे सांगितले. ते कोणाशी एक शब्दही न बोलता झोपायला गेले.

सकाळी आमच्या अंगणात गवताची टोके वर दिसत होती, इतकाच बर्फ होता. भाऊजींनी ते पाहून “एवढ्यासाठी अडवलेत?” असे विचारले. दक्षिण दिशेला मात्र जमिनीपासून वर चढत गेलेली ढगांची करडी भिंत होती, आणि तिची कड इतकी रेखीव होती की कोणत्या वस्तीवर बर्फ पडत आहे आणि कोणत्या नाही, हे बोटाने दाखवता आले असते. त्या भिंतीच्या आत लॅकवॉना, हॅम्बर्ग, वेस्ट सेनेका, लँकेस्टर ही उपनगरे गाडली जात होती. त्या आठवड्यात दोन टप्प्यांत मिळून तेथे अनेक ठिकाणी पाच फुटांहून अधिक, तर काही ठिकाणी सात फुटांच्या आसपास बर्फ पडला, आणि काही मैलांवरच्या उत्तर भागात काही इंच. महामार्ग बंद झाला. त्यावर शंभराहून अधिक वाहने अडकून पडली, त्यांत पिट्सबर्गहून परतणाऱ्या नायगारा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची बस होती. त्या मुली सुमारे तीस तास बसमध्ये होत्या. भाऊजींना जायचे होते तो हाच रस्ता आणि हीच रात्र.

तरीही त्यांचे क्लीव्हलंडचे काम हुकले आणि ते हातचे गेले, याचा ठपका आजही माझ्यावर आहे. कुटुंबात कोणाचे लग्नकार्य असो की गणपती, विषय निघाला की त्यांचे वाक्य ठरलेले असते: गाडी ऑल व्हील ड्राइव्ह होती, नऊला निघालो असतो तर बर्फाचा पट्टा ओलांडून पलीकडे गेलो असतो. आपल्या प्रश्नात मला तेच वाक्य ऐकू आले.

न्यू जर्सीचा बर्फ बहुतेक वेळा समुद्राकडून येणाऱ्या मोठ्या वादळांतून पडतो. ती वादळे शेकडो मैलांच्या प्रदेशावर पसरतात, सर्वत्र कमीअधिक सारखे बरसतात आणि पुढे निघून जातात. बफेलोतही अशी वादळे येतात. पण येथील खरे संकट ‘लेक इफेक्ट’चे, म्हणजे सरोवरी हिमवृष्टीचे आहे. ईरी सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आहे, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेले आहे आणि त्याच्या अगदी पूर्व टोकाला बफेलो वसलेले आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी अजून उबदार असते आणि वरून ध्रुवीय प्रदेशाकडची थंड हवा येते. पाण्याचे तापमान आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवेचे तापमान यांत १३ अंश सेल्सिअस किंवा अधिक फरक पडला की हवा पाण्यावरून बाष्प उचलू लागते, आणि वारा नेमका सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहत असेल तर ते सारे बाष्प एका अरुंद पट्ट्यात गोळा होते. हा पट्टा अनेकदा पंधरा-वीस किलोमीटरच रुंद असतो. वाऱ्याची दिशा टिकली तर तो तासन्‌तास एकाच जागी उभा राहतो. दिशा थोडी वळली की कोरडा असलेला रस्ता पाच मिनिटांत दिसेनासा होतो. आपण उन्हात गाडी चालवत असता आणि पुढच्या उड्डाणपुलापलीकडे काहीच नसते.

घाटातले धुके मी पाहिलेले आहे, माझे माहेर महाडचे आहे. वरंध्यात दाट धुक्यातही कठड्याचे पांढरे पट्टे दिसतात, समोरच्या गाडीचे लाल दिवे दिसतात आणि हळूहळू का होईना पुढे सरकता येते. सरोवरी पट्ट्यात बॉनेटचे पुढचे टोकसुद्धा दिसत नाही, शिवाय उभे राहिलात तर मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही. अशा वेळी चालकाचे कौशल्य आणि गाडीची किंमत यांना अर्थ उरत नाही. महामार्गावर आपण एकटे नसतो. पुढे एक ट्रक आडवा झाला की त्याच्यामागची प्रत्येक गाडी, मग तिची चारही चाके इंजिनने फिरत असोत की दोन, जागच्या जागी उभी राहते, आणि तासाला तीन-चार इंच बर्फ पडत असेल तर रात्र सरेपर्यंत ती बाहेर काढण्यासाठी फावडेही पुरत नाही. भाऊजींना मी इतकेच विचारते की त्या बसचा आणि अडकलेल्या ट्रकांचा चालक काय नवशिका होता?

आता टायरविषयी. ऑल व्हील ड्राइव्हमुळे गाडी जागेवरून सुटते आणि चढ चढते, हे खरे आहे. थांबताना तिचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात आणि अखेरीस रस्त्याला धरून ठेवते ते रबर. बारमाही टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ पकडतात. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असलेला टायर घ्यावा. दोनच टायर बदलू नयेत, त्याने वळणावर गाडी फिरते. रस्त्यावर टाकलेल्या मिठावरही फार भरवसा ठेवू नये, कारण उणे ९ अंशांच्या आसपास त्याचा प्रभाव झपाट्याने कमी होतो. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात. तेथे ओला दिसणारा काळा डांबरी रस्ता हा प्रत्यक्षात बर्फाचा पातळ थर असू शकतो.

एवढे करूनही जे टायरने सुटत नाही, ते डिसेंबर २०२२ मध्ये साऱ्या शहराने पाहिले. त्या वेळी हिमवादळाची स्थिती बफेलोत सुमारे ३७ तास टिकली, वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या वर गेले आणि विमानतळावर ५१.९ इंच बर्फाची नोंद झाली. बफेलो ज्या जिल्ह्यात येते त्या ईरी काउंटीने वाहनबंदी लागू केली ती शुक्रवारी, २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला. तोवर पुष्कळ लोक कामावर पोहोचले होते. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही रस्त्यांत रुतल्या. चाळीसहून अधिक माणसे गेली, त्यांत काही जण आपल्या मोटारीत अडकून मृत्यू पावले. वाहनबंदी जाहीर होण्याची वाट पाहणे म्हणजे निर्णय दुसऱ्यावर सोपवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आदल्या रात्री हवामान सेवेचा इशारा वाचावा आणि आपल्या रस्त्यावर पट्टा येणार असेल तर घरी राहावे. वरिष्ठ नाराज झाले तर होऊ द्यावेत.

त्यातूनही अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नये. शंभर पावलांवरचे घरसुद्धा सापडत नाही. धुराड्याच्या नळीभोवतालचा बर्फ खाली उतरून वारंवार काढावा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. इंजिन तासातून दहा मिनिटे चालवावे, ज्या बाजूला वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. फावडे, घोंगडी, पाणी आणि फोनसाठी चार्जर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गाडीतच असू द्यावे, आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

माझे म्हणणे सर्वांना जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. रुग्णालयातील परिचारिका, वृद्धाश्रमातील मदतनीस, बर्फ हटवणारे चालक यांना घरी राहण्याची मुभा नसते. त्यांनी वादळाच्या आदल्या रात्रीच कामाच्या ठिकाणी मुक्काम केला तर बरे. आणि आपण जानेवारीत येत आहात, ही जमेची बाजू आहे. ईरी हे पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ आहे, ते लवकर गोठते आणि पृष्ठभागावर बर्फ धरला की बाष्पाचा पुरवठा बराच कमी होतो. काही वर्षी ते फारसे गोठत नाही, तेव्हा धोका फेब्रुवारीतही राहतो.

गाडीपेक्षा घराचा विचार आधी करावा, असे मी सुचवेन. आपले कार्यालय कोणत्या भागात आहे ते आपण लिहिलेले नाही. ते दक्षिणेला हॅम्बर्ग किंवा ऑर्चर्ड पार्ककडे असेल तर स्वस्त मिळाले म्हणून ॲमहर्स्टला भाड्याचे घर घेऊ नये, आणि ॲमहर्स्टला असेल तर दक्षिणेला राहू नये. दोन्ही एकाच बाजूला असले की पट्टा ओलांडून जाण्याची वेळच येत नाही. पट्टा आपल्याच वस्तीवर येऊन उभा राहिला, तर त्या दिवशी गाडी गराजमध्येच असेल.