बिनलेबलच्या ओतीव गोळ्या : वापराव्यात की वितळवाव्यात?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. एका घराच्या सामान-विक्रीत शिशाच्या ओतीव गोळ्यांचे तीन डबे स्वस्तात मिळाले. एकावरही काही लिहिलेलं नाही. पहिल्यातल्या गोळ्यांच्या चरात निळं मेण आहे, दुसऱ्यातल्या कोऱ्या आहेत, तिसऱ्यातल्यांवर पांढरी भुकटी आली आहे. सोबत काडतुसात भरायच्या पावडरची अर्धी बरणीही आली, तिच्यावरचं लेबल फाटलेलं आहे. माझ्याकडे .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे आणि .38 स्पेशलची काडतुसं मी स्वतः भरतो. यातलं काय वापरता येईल?

उत्तर : आधी बरणीचा निकाल लावा. लेबल नसलेली पावडर वापरायचीच नाही. रंग, दाण्याचा आकार किंवा वास यावरून पावडर ओळखता येत नाही. दिसायला सारख्या असलेल्या दोन पावडरींच्या जळण्याच्या वेगात रिव्हॉल्व्हर फुटेल इतका फरक असू शकतो. तुमच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्राला फोन करून ती त्यांच्याकडे द्या.

पांढरी भुकटी म्हणजे शिशाचा गंज. ओक लाकडाच्या खणात किंवा पेटीत ठेवलेल्या शिशावर तो हमखास येतो, कारण त्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. ही भुकटी विषारी आहे. पॉलिश पेपरने घासू नका, टंबलरमध्ये, म्हणजे घोळवून साफ करणाऱ्या यंत्रात, फिरवू नका, त्याने ती घरभर उडेल. हातमोजे घालून गोळ्या पिशवीत बंद करा आणि स्वतः ओतकाम करणाऱ्या कुणाला तरी वितळवायला द्या. तिसरा डबा इथेच संपला.

उरलेल्या दोन डब्यांचं पहिलं काम म्हणजे व्यास मोजणं. गोळीचा आकार किंवा मेणाचा रंग पाहून अंदाज बांधणारे बरेच जण असतात, पण नळीत शिसं साचण्याचं सर्वांत मोठं कारण चुकीचा व्यास हेच आहे. व्हर्निअर कॅलिपर इथे पुरत नाही. इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा मायक्रोमीटर घ्या. प्रत्येक डब्यातल्या वेगवेगळ्या थरांमधून दहा-दहा गोळ्या काढा. मेणाच्या चराशेजारच्या रुंद पट्ट्यावर एकदा मोजा, मग गोळी काटकोनात फिरवून पुन्हा मोजा. 0.358 आलं तर ती .38 स्पेशल आणि .357 मॅग्नमची नेहमीची ओतीव गोळी. 0.356 म्हणजे बहुधा 9 मिमी पिस्तुलासाठीची. ती तुमच्या सिलिंडरमध्ये ढिली बसेल, गरम वायू कडेने निसटतील आणि नळीत शिसं साचेल. 0.360 किंवा 0.361 असेल तर जुन्या .38 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काडतुसाच्या गोळीची शक्यता जास्त. कोऱ्या गोळ्या बहुतेक साच्यातून निघाल्या तशाच असतात, म्हणून दोन दिशांचे आकडे जुळत नाहीत. त्या साइझिंग डायमधून, म्हणजे ठरावीक व्यासाच्या छिद्रातून, दाबून काढाव्या लागतील.

मग वजन करा. 148 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळ्यांच्या वजनाचं छोटं एकक) आसपास आणि सपाट तोंडाची, बुटक्या नळकांड्यासारखी गोळी म्हणजे वॉडकटर. 158 ग्रेनची खांदेदार किंवा गोल नाकाची गोळी ही .38 ची सर्वांत नेहमीची. 170 च्या पुढे, लांब नाक आणि रुंद पट्टे दिसले तर अमेरिकन नेमबाज-लेखक एल्मर कीथच्या धर्तीची, म्हणजे लायमन कंपनीच्या 358429 क्रमांकाच्या साच्यासारखी गोळी असू शकते. वजनात चार-पाच ग्रेनचा फरक दिसला म्हणून साचा वेगळा असं मात्र समजू नका. शिशात कथील आणि अँटिमनी जास्त असेल तर त्याच साच्याची गोळी हलकी निघते. जस्त मिसळलं असेल तर ती फारच हलकी भरते आणि टेबलावर टाकली की खणखणते. तशी गोळी सरळ बाजूला काढा.

गोळी उलटी करून बूड बघा. सपाट बूड उत्तम. बुडाशी छोटी पायरी असेल तर ती तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक, बसवण्यासाठी असते. टोपीशिवाय जोरकस भरणीत ती गोळी वापरू नये. बूड आतून खोल पोकळ असेल तर विशेष जपा. अशी पोकळ वॉडकटर मऊ शिशाची असते आणि फक्त हलक्या भरणीसाठी असते. दाब वाढला की पुढचा भाग निघून जातो, मागचं कडं नळीत अडकून राहतं आणि पुढची गोळी त्याच्यावर आदळते.

कठीणपणा पाहायला चित्रकलेच्या पेन्सिली पुरतात. पेन्सिलीचं टोक सपाट घासून घ्या आणि साधारण 45 अंशांत धरून गोळीवर पुढे ढकला. जी पेन्सिल घसरण्याऐवजी शिसं खरवडते, तिच्या आसपास गोळीचा कठीणपणा. चाकांच्या वजनांचं शिसं, म्हणजे ब्रिनेल या कठीणपणाच्या मापावर 12 च्या आसपासचं, साधारण 2बी ला दाद देतं. शुद्ध शिसं 5 च्या जवळपास असतं, त्यावर नखही उमटतं. लायनोटाइप, म्हणजे जुन्या छपाईच्या खिळ्यांचा मिश्रधातू, 22 पर्यंत जातो. .38 स्पेशलच्या साध्या भरणीला 10 ते 12 पुष्कळ झालं. फार कठीण गोळी कमी दाबात फुगून नळीला बसत नाही आणि उलट जास्त शिसं सोडते, हे अनेकांना पटत नाही, पण असंच होतं.

आता तुमच्या रिव्हॉल्व्हरकडे वळू. ते रिकामं आहे याची खात्री करा, सिलिंडर काढा आणि गोळी पुढच्या बाजूने प्रत्येक छिद्राच्या थ्रोटमध्ये, म्हणजे पुढच्या अरुंद भागात, घाला. पेन्सिलीच्या हलक्या दाबाने ती पार व्हायला हवी. आपोआप घसरून पडली तर गोळी बारीक आहे. हातोडीशिवाय जात नसेल तर थ्रोट अरुंद आहे. सहाही छिद्रं तपासा, एकाच सिलिंडरमध्ये फरक सापडतो. नळीचा व्यास काढायचा तर तेल लावलेला मऊ शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने नळीतून ढकलून मोजा. मात्र स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत आतून पाच चर असतात, त्यामुळे समोरासमोर दोन चर येत नाहीत आणि साधा मायक्रोमीटर चुकीचं माप देतो. त्यासाठी व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो.

व्यास जुळला की पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी) न घालता दोन-तीन नमुना काडतुसं बनवा. पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाचं, तोंड इतकंच रुंदवा की गोळीचं बूड हाताने आत टेकेल. कमी रुंदवलं तर तोंडाची कड शिसं सोलते आणि त्याची अंगठी काडतुसाच्या काठावर उरते. गोळी बसवणं आणि क्रिंप देणं, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर आत दाबणं, ही कामं दोन वेगळ्या टप्प्यांत करा. रोल क्रिंप गोळीवरच्या क्रिंपच्या खाचेतच यायला हवा. .38 स्पेशलची कमाल लांबी 1.550 इंच आणि .357 ची 1.590. लांब नाकाची कीथ गोळी .357 च्या पुंगळीत खाचेवर क्रिंप केली तर स्मिथ अँड वेसनच्या एन-फ्रेम या मोठ्या सांगाड्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरबाहेर डोकावते, म्हणून ती .38 च्या पुंगळीत भरण्याची पद्धत पडली. सिलिंडर हाताने पूर्ण फिरवून पाहा. कार्बाइड कडं असलेला फॅक्टरी क्रिंप डाय जाडसर ओतीव गोळीला पुंगळीच्या आतच दाबून बारीक करतो. मग मायक्रोमीटरने केलेली सगळी मेहनत वाया जाते. एक नमुना काडतूस खोलून गोळी पुन्हा मोजली की हे लगेच समजतं.

पावडरचं प्रमाण छापील भरणी-पुस्तकातूनच घ्या, तेही त्याच वजनाच्या, त्याच आकाराच्या *ओतीव* गोळीसाठी दिलेलं, आणि सुरुवातीच्या आकड्यापासून. गोळी अनोळखी असल्यामुळे कमाल आकड्याच्या वाटेला जाऊच नका. पुस्तकातल्यापेक्षा गोळी खोल बसत असेल तर आतली जागा घटते आणि दाब चढतो. .38 स्पेशलची दाबमर्यादा 17,000 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे, .357 ची 35,000. पुंगळी मोठी आणि वेगवान पावडर थोडीशी, त्यामुळे चुकून दुप्पट पावडर पडली तरी ती आत मावते. गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पाहा.

पहिल्यांदा थोडीच काडतुसं उडवा. पाच झाडून सहाव्याची लांबी मोजा. वाढली असेल तर क्रिंप कमी पडतोय आणि धक्क्याने गोळी पुढे सरकतेय. मग नळीत बघा. सिलिंडरकडच्या टोकाला शिसं दिसलं तर व्यासात गडबड आहे, नळीच्या तोंडाशी दिसलं तर मेण अपुरं पडलं आहे. जुन्या ब्रशवर शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून ते काढा. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचं मिश्रण वापरू नका, त्यातून विषारी शिसं-ॲसेटेट तयार होतं. काम संपलं की हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा. भरणीचं टेबल स्वयंपाकघरात नको.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. माझ्याकडे परवान्याचं .32 रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेतला भाऊ अशा गोळ्या देऊ शकतो. इथे भरून वापरता येतील का?

उत्तर : नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, पण भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. तुमच्या शस्त्र परवान्यात हे बसत नाही. भावाला सामानात काहीही ठेवायला सांगू नका आणि परवान्यावर नोंदलेल्या संख्येतली काडतुसं अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.