साहेबांना लिहिता येतं, मित्राला नाही

प्रश्न : मी २७ वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. राहायला भोसरीत. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॅनडाच्या पीआरसाठी (तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी) आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, तिचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार. बाकी तिन्ही भागांत साडेसहा, रायटिंगला मात्र साडेपाच. कंपनीत रोज इंग्रजीत मेल लिहितो, तक्रारीचं पत्र सहज जमतं. पण 'मित्राला पत्र लिहा' आलं की हातच चालत नाही. मित्र पुण्यात येतोय, या विषयावरचं सरावाचं पत्र सोबत जोडलंय. क्लास लावू का? (कंपनीच्या बसमध्ये लिहितोय. बस आदळली की एखादा शब्द इकडचा तिकडे होईल, सांभाळून घ्या.)

उत्तर : क्लासचं शेवटी बोलू. आधी तुमच्या कंसातल्या त्या बसबद्दल.

ते वाक्य वाचून मला हसू आलं. ओळख ना पाळख, तरी भल्या सकाळी बसमध्ये गुडघ्यावर मोबाइल धरून टाइप करणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. मग तुमचं इंग्रजी पत्र उघडलं, तर पहिलीच ओळ : 'आय अ‍ॅम रायटिंग धिस लेटर टु इन्फॉर्म यू दॅट आय अ‍ॅम व्हेरी हॅपी रिगार्डिंग युअर व्हिजिट.' बसमधला माणूस गायब! त्याच्या जागी टपाल खात्यातला कुणी हेडक्लार्क.

व्याकरण बरोबर आहे. मार्क जातात ते सुरावर. जनरल ट्रेनिंगच्या पत्राला परीक्षक ज्या निकषांवर बँड, म्हणजे गुण, देतात, त्यात 'टोन' स्पष्ट लिहिलेला आहे. टोन मध्येच बदलतो, कधी अगदीच विसंगत वाटतो, हे पाचच्या बँडचं वर्णन. थोडीफार गडबड सहाला खपते. सातला सूर शेवटपर्यंत एकच लागतो. पीआरच्या फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांच्या गटात किमान सीएलबी ७ (कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर ७) लागतं, म्हणजे आयईएलटीएसच्या चारही भागांत ६. तुमची अडचण अर्ध्या बँडची आहे आणि त्यातला बराचसा भाग या हेडक्लार्कने खाल्लाय, असा माझा अंदाज.

तो आला कुठून? आपलं शाळेतलं इंग्रजी सुरू झालं रजेच्या अर्जापासून, 'आय बेग टु स्टेट दॅट' वगैरे. पुढे ऑफिसचे मेल. मैत्रीचं इंग्रजी कुणी शिकवलंच नाही. त्यातून मराठी पत्राला ठरलेले साचे : सा. न. वि. वि., शेवटी कळावे, लोभ असावा. त्यांना इंग्रजी जोडीदार शोधायला गेलं की 'आय अ‍ॅम फाइन हिअर अँड होप यू आर ऑल्सो फाइन देअर' तयार होतं. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' यालाच पॅन्ट-शर्ट चढवलाय. मी स्वतः आठवीत अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमधून हे वाक्य उतरवून परदेशी पत्रमित्राला पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. त्याचा दोष नाही.

इंग्रजीतलं मित्राचं पत्र बोलल्यासारखं सुरू होतं. तुमचीच ओळ अशी लिहा : 'ग्रेट न्यूज! आय कान्ट बिलीव्ह यू आर फायनली कमिंग टु पुणे.' इन्फॉर्मच्या जागी टेल, रिगार्डिंगच्या जागी अबाउट, रिक्वेस्टच्या जागी आस्क. 'आय विल रिसीव्ह यू अ‍ॅट द स्टेशन' नको, 'आय विल पिक यू अप' म्हणा. डू नॉटचं डोन्ट, आय अ‍ॅमचं आयम. मेलमध्ये तुम्ही हे टाळता, इथे मुद्दाम करा. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर उतरू नका. 'प्लीज'ची तीन अक्षरं केलीत की परीक्षकाच्या कपाळाला आठी.

आता तुमचा दुसरा परिच्छेद. 'पुणे इज अ हिस्टॉरिकल अँड कल्चरल सिटी विथ मेनी फेमस प्लेसेस.' हे तुम्ही कुठल्याही पाहुण्याला सांगाल. मित्राला काय सांगाल? सिंहगडावर जाऊ, पण सकाळी सातच्या आत, नाहीतर रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. तुला तिखट सोसत नाही, तेव्हा ठेच्यापासून लांब राहा. हे इंग्रजीत साध्या शब्दांत येतं. पिठल्याला प्रतिशब्द शोधत बसू नका, 'अ थिक स्पायसी करी मेड विथ ग्रॅम फ्लार' म्हटलं की झालं. 'तुला तिखट सोसत नाही' या चार शब्दांनी ते पत्र एका माणसाचं होतं. तुमच्या पत्रातला राहुल कोण आहे? नुसतं नाव असेल तर बदला. खऱ्या मित्राला डोळ्यांसमोर ठेवून लिहा. त्याचं नाव इंग्रजी नसलं तरी चालतं.

प्रश्नाखाली तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही यायलाच हवेत. तुमचा तिसरा, सोबत काय आणायचं तो, अर्ध्या ओळीत उरकलाय. तिथेही मार्क गेले असणार. पत्ता लिहायचा नाही, तसं प्रश्नातच सांगितलेलं असतं. शब्द किमान १५०, वेळ वीस मिनिटं. त्याहून जास्त देऊ नका, कारण पुढच्या २५० शब्दांच्या निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन आहे.

शेवट. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टु सी यू' असं तुम्ही लिहिलंय. तिथे 'सीइंग यू' हवं. ही चूक इंग्रजी माध्यमवालेही करतात. आणि खाली 'युअर्स फेथफुली', पूर्ण नाव, आडनावासकट! ते 'डिअर सर'च्या पत्राखाली शोभतं. मित्राला 'बेस्ट विशेस' किंवा 'टेक केअर' आणि फक्त तुमचं नाव. 'लव्ह' लिहायला आपल्याकडे पुरुष लाजतात. नका लिहू, अडत नाही.

क्लास नको. पत्रांचे तयार नमुने पाठ करून घेणाऱ्यांकडे तर मुळीच नको. पाठ केलेली वाक्यं परीक्षकांना लगेच कळतात. त्याऐवजी पत्र लिहून झालं की मोठ्याने वाचा. मित्रासमोर जे वाक्य बोलताना तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल, ते खोडा.

आठ दिवसांत मला एक पत्र पाठवा. विषय : जवळच्या मित्राच्या भावाच्या साखरपुड्याला येता येत नाही, म्हणून त्या मित्राला माफीचं पत्र. कारण द्या, भेटीचा दुसरा दिवस सुचवा, त्याच्या घरच्यांची विचारपूस करा. बसमध्येच लिहा.