जुन्या वाड्यात सिमेंटचा गिलावा फुगतोय, पांढरी बुरशी येतेय. काय करावं?

तुमचा वाडा बडोद्यात मांडवीजवळचा, भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या. तीन वर्षांपूर्वी तळमजल्याला केलेला सिमेंटचा गिलावा चारेक फुटांपर्यंत सुटतोय आणि वॉटरप्रूफिंगवाले भोकं पाडून केमिकल भरा म्हणताहेत.

पहिली गोष्ट, ती बुरशी नाही, लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. बोटावर घेऊन पाण्याचा थेंब टाका. विरघळला तर क्षार. चुन्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि ती अंगावरून वाळून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली. पाणी आणखी वर चढलं, क्षारांचे खडे गिलाव्यामागे वाढले आणि आता विटेची साल घेऊनच गिलावा पडतोय.

केमिकलवर आत्ता पैसे घालू नका. जुन्या जाड भिंतीच्या पोटात पोकळ्या असतात, द्रव त्यात निघून जातो आणि ओल अडवणारा सलग थर होत नाही. साठलेले क्षार तर तसेच राहतात.

आधी पाणी शोधा. पन्हाळीचा पाइप कुठे गळतो, चौकातली मोरी कुठे झिरपते, रस्ता वर्षानुवर्षं वर चढून जोत्याच्या वर आलाय का, भिंतीलगत काँक्रीट किंवा लादी घट्ट बसवलीय का. हे सुधारल्याशिवाय गिलाव्याला हात लावणं वाया.

मग उत्तरायणानंतर (संक्रांतीनंतर) सिमेंट काढा, छिन्नी-हातोडीने, ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत. ब्रेकर नको, विटा हलतात. भुसभुशीत सांधे २० ते २५ मिलिमीटर खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून लगेच बाहेर टाका; पाण्याने धुतलात तर तो परत आत जातो. भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते, म्हणून उन्हाळाभर उघडी ठेवा. पावसाळ्यातही उघडीच राहू द्या, म्हणजे पाण्याचा बंदोबस्त खरा झाला की नाही ते कळेल. नवा गिलावा दिवाळीनंतर.

चुना कळीचा घ्या, पाण्यात विरवून पाण्याखालीच किमान महिनाभर मुरू द्या. मुरलेला चुना हाताला ताज्या लोण्यासारखा मऊ लागतो. बोटांत खडा लागला तर चाळा, कारण न विरलेला कण भिंतीत जाऊन फुगतो आणि महिन्यांनी खपली उडवतो. पोत्यातला जुना चुना घेणार असाल तर चिमूटभरावर सौम्य आम्ल टाका. जोरात फसफसला तर तो हवेनेच मेलाय, परत करा.

खालच्या थराला १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग धुतलेली भरड वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांचीच हवी. जास्त भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी जुळत नाही, नुसती भर होते. वरच्या थराला १ भाग चुना आणि ३ भाग बारीक वाळू. एक थर १० ते १२ मिलिमीटरच. भिंत आधी भिजवा, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी पिते आणि बारीक तडे जातात. गिलावा आवळायला लागला की लाकडी थापीने पुन्हा दाबून घोटा. ओली गोणपाटं लावून आठवडाभर दमट ठेवा, पाण्याचा फवारा थेट मारू नका. पहिला थर घट्ट झाल्यावरच दुसरा.

गवंडी 'लवकर धरेल' म्हणून मूठभर सिमेंट टाकू पाहील. ठाम नाही म्हणा. गूळपाणी अगदी थोडं चालतं. जास्त झालं तर गिलावा धरायला उशीर होतो.

लाकडी खांबाभोवती गिलावा घट्ट भरू नका. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, तिथे बारीक फट राहू द्या. सिमेंटमध्ये गाडलेला खांब बुडापासून कुजतो. वर रंग चुन्याचाच, पातळ चार-पाच हात. प्लॅस्टिक पेंट लावला की पुन्हा तेच दुखणं.

सिमेंटखाली जुनी रंगीत चित्रं दिसली तर काम तिथेच थांबवा आणि सयाजीराव विद्यापीठाच्या म्यूझिऑलॉजी विभागात विचारा. घर तांबेकरवाड्यासारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही पुरातत्त्व कायद्याखाली परवानगी लागते. तो अर्ज गिलावा काढण्याआधी करा.