दोन गाड्या, दोन कंट्रोलर आणि मधला क्रॉसओव्हर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ओओ गेजच्या मॉडेल रेल्वेचे एकात एक दोन गोल आहेत, प्रत्येकाला वेगळा डीसी (साध्या एकदिश विजेचा) कंट्रोलर आहे. मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे एका गोलावरून दुसऱ्यावर जायचा जोडमार्ग, टाकल्यापासून एक नॉब फिरवला की दुसऱ्या गोलावरची गाडीही हलते, आणि कधी दोन्ही गाड्या थांबून कंट्रोलर ट्रिप होतो. कंट्रोलर बिघडलेत का, आणि आता डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोलच घ्यावं लागेल का? शिवाय भाऊ अमेरिकेहून एचओ या थोड्या लहान प्रमाणाचा सेट आणतोय, त्याचा कंट्रोलर इथे चालेल का?

कंट्रोलर बिघडलेले नाहीत आणि डीसीसीचा खर्चही आत्ता करू नका. डीसीमध्ये कंट्रोलर इंजिनाला ओळखतच नाही. तो दोन रुळांमध्ये शून्यापासून साधारण १२ व्होल्टपर्यंत दाब देतो, आणि त्या रुळांवर जे इंजिन उभं असेल ते चालतं. दिशा बदलली म्हणजे धन रूळ ऋण झाला, एवढंच. म्हणून वायरिंग करताना गाडीचा विचार बाजूला ठेवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याबद्दल विचारा: हा या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे? ‘दोघांच्या’ असं उत्तर कुठेही येता कामा नये.

तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे रूळ) ‘पलीकडे जा’ असे लावले की दोन्ही गोल विजेच्या दृष्टीने एक होतात. दोन्ही कंट्रोलर एकाच दिशेला असले तर एकाचा करंट दुसऱ्याच्या गोलात शिरतो, विरुद्ध दिशेला असले तर सरळ शॉर्ट. फीडबॅक प्रकारचा कंट्रोलर असेल तर आणखी गोंधळ, कारण तो मोटरकडून उलट येणारा व्होल्टेज मोजून वेग सांभाळतो आणि इथे त्याला शेजारच्या कंट्रोलरचा व्होल्टेज दिसतो. ट्रिप होतंय हे उलट चांगलं लक्षण आहे, पण तसं पुन्हा पुन्हा होऊ देऊ नका.

उपाय स्वस्त आहे. क्रॉसओव्हरच्या दोन सांध्यांना जोडणाऱ्या दोन्ही रुळांवरचे धातूचे जॉइनर (रुळांची टोकं जोडणारे तुकडे) काढून प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर घाला. दोन्ही रुळांवर, एकावर नाही. सांधे इन्सुलफ्रॉग (जिथे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग प्लास्टिकचा) असतील तर ते सरळ असताना गोल आपोआप वेगळे राहतात, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की जॉइनरची गरज नाही. सांधा फिरवला की गरज कळते. इलेक्ट्रोफ्रॉग (तोच भाग धातूचा, जिवंत) असतील तर या जॉइनरशिवाय सांधे सरळ असतानाही दोन गोल जोडलेले राहतात आणि शॉर्ट होऊ शकतो. डीसीसीसाठी मिळणाऱ्या क्लिपा सांध्यांत घातल्या असतील तर त्या काढा, त्यांनी सगळे फाटे कायम जिवंत राहतात. मग गाड्या उचला, कंट्रोलर सोडवा आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून एका गोलाचा प्रत्येक रूळ दुसऱ्या गोलाच्या प्रत्येक रुळाशी तपासा. सांधे सगळ्या स्थितींत फिरवून बघा. एकदाही बीप आला तर कुठेतरी जोड राहिलाय.

आता पलीकडे जाताना. इंजिनाची चाकं जॉइनर ओलांडतात तेव्हा काही क्षण दोन्ही कंट्रोलर इंजिनामार्फत जोडलेले असतात. म्हणून आधी दुसऱ्या गोलावरची गाडी थांबवून उचलून ठेवा, त्या कंट्रोलरची दिशा पहिल्यासारखी करा आणि दोन्हींचा वेग साधारण सारखा ठेवा. दुहेरी मार्गासारखं दोन गोलांवर उलटसुलट चालवत असाल तर हे विशेष पाळा. विसरलात तर इंजिन जॉइनरवरच अडकतं.

हे दर वेळी सांभाळायचा कंटाळा आला तर कॅब कंट्रोल करा. माझ्या मते डीसीवर दोन गाड्या चालवण्याचा खरा आनंद यात आहे. लेआउटचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षा थोडा मोठा. प्रत्येक तुकड्याला मध्ये ‘बंद’ असलेला डीपीडीटी स्विच (दोन्ही वायर एकदम इकडून तिकडे बदलणारा): सहा टर्मिनलपैकी मधली दोन रुळांना, वरची दोन कंट्रोलर ‘अ’ला, खालची दोन ‘ब’ला. गाडी पुढे सरकेल तसा पुढचा तुकडा तिच्या कंट्रोलरला द्यायचा, मागचा सोडायचा. म्हणजे ‘अ’ची गाडी ‘ब’च्या गोलावर गेली तरी नॉब तोच राहतो. मधल्या स्थितीत तुकडा मेलेला, तिथे तिसरं इंजिन उभं करून ठेवा. स्विचमनसारखं पुढचं पाहून चालवावं लागतं आणि हात बसला की फार छान वाटतं.

वायर मात्र प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र द्या आणि रुळाला सोल्डर करा. जॉइनरच्या भरवशावर करंट नेला की दमट हवेत वर्षभरात गाड्या अडखळायला लागतात.

एक धोका ठळकपणे सांगतो, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्त पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग कमीजास्त करणारे) बोर्ड घेऊन बरेच जण कंट्रोलर बनवतात. दोन बोर्डांना एकाच १२ व्होल्टच्या सप्लायवरून वीज देऊन एक रूळ सामाईक ठेवला, तर एकाची दिशा उलटी करताच शॉर्ट होतो. दोन कंट्रोलरना दोन वेगळे सप्लाय घ्या. तरच सामाईक परतीची वायर चालते.

ही हौस जुनी आहे बरं का. १९३५ साली ब्रिटनमध्ये ट्रिक्स ट्विन रेल्वे आली, तिचं नावच यावरून: तीन रूळ, मधला सामाईक, बाहेरचा एकेक रूळ एकेका गाडीसाठी. एकाच मार्गावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने, तेही १४ व्होल्ट एसीवर.

डीसीसीत रुळावर कायम ठरावीक व्होल्टेज असतो आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त स्वतःच्या पत्त्यावरचा हुकूम ऐकतो. पाचसहा इंजिनं झाली, किंवा एकाच तुकड्यात दोन इंजिनं जोडायची-सोडायची असली की जरूर घ्या. पण एका गोलावर डीसी आणि दुसऱ्यावर डीसीसी असं कधीही ठेवू नका. चुकून एखादं इंजिन क्रॉसओव्हरवरून गेलं की त्या क्षणी दोन्ही एकमेकांना भिडतात आणि डिकोडर किंवा कंट्रोलर जातो.

अमेरिकेच्या सेटबद्दल: एचओ १:८७ आणि ओओ १:७६, पण दोन्हींचा रूळ १६.५ मिमीचाच, त्यामुळे गाडी तुमच्या गोलावर चालेल, फक्त शेजारी थोडी लहान दिसेल. कंट्रोलरच्या अडॅप्टरवरचं लेबल आधी वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिनचा जोड बदला. नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नका, तो जळेल. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा तो कंट्रोलर बाजूला ठेवून नवी गाडी तुमच्या आत्ताच्या कंट्रोलरवरच चालवा.